चुंबक चिकटणारं स्टेनलेस: ४४०-सी पोलादाबद्दलचे गैरसमज

भांड्यांच्या दुकानात एक परीक्षा अजूनही चालते. गिऱ्हाईक खिशातून छोटा लोहचुंबक काढतं, डब्याच्या बुडाला लावून बघतं आणि चिकटला की डबा बाजूला सारतं. ‘हे अस्सल स्टेनलेस नाही, यात लोखंड आहे.’ लोखंड तर प्रत्येक स्टेनलेसमध्ये असतं, आणि सगळ्यात जास्त तेच असतं. चुंबकाला दाद न देणारं ३०४ हे स्टेनलेसच्या मोठ्या घराण्यातलं एक भावंड. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेलमुळे त्यातल्या अणूंची रचना बदलते आणि चुंबक चिकटत नाही. निकेल वाचवून मँगेनीझवर भागवलेली २०० मालिकेतली स्वस्त स्टेनलेसही चुंबकाला चिकटत नाहीत, पण गंजाला तोंड देण्यात ३०४च्या मागे पडतात. म्हणजे स्वस्त माल या परीक्षेत पास होतो. आणि ज्या स्टेनलेसपासून उत्तम सुऱ्या, बेअरिंग आणि व्हॉल्व्ह बनतात ते ४४०-सी मात्र चुंबकाला घट्ट चिकटतं, म्हणून नापास ठरतं.

४४०-सीमध्ये १६ ते १८ टक्के क्रोमियम असतं, म्हणजे जवळपास ३०४ इतकंच. फरक आहे तो निकेल नसण्याचा, म्हणून चुंबक चिकटतो, आणि कार्बनचा. ३०४मध्ये कार्बन ०.०८ टक्क्यांच्या आत ठेवतात, तर ४४०-सीमध्ये तो ०.९५ ते १.२० टक्के असतो. या एवढ्याशा कार्बनमुळे सगळं पालटतं.

‘स्टेनलेस मऊच असतं, धार हवी तर साधं पोलादच घ्यावं,’ असं अनेक जाणकारही सांगतात. ३०४ तापवून आणि थंड करून कडक होत नाही, हे खरं. पण स्टेनलेसचा इतिहास सुरू होतो तोच मुळी कडक होणाऱ्या पोलादापासून. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली रायफलच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून मिश्रधातू तपासत होता. त्याने ओतलेल्या पोलादात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता, आणि तापवून झटकन थंड केलं की ते कडक होत असे. साधारण त्याच काळात जर्मनीत एसेनच्या क्रुप कारखान्यात निकेलचं, कडक न होणारं स्टेनलेस तयार झालं. आपल्या स्वयंपाकघरातली भांडी त्या दुसऱ्या वाटेने आलेली. ब्रिअर्लीच्या पोलादाच्या पहिल्या सुऱ्या मात्र नीट कापेनात, आणि शेफील्डच्या सुरीवाल्यांनी त्याची बरीच टर उडवली. खोट होती ती तापवण्याच्या पद्धतीत. साध्या पोलादाची सवय असलेल्या कारागिरांना या नव्या धातूचा ताव ठाऊक नव्हता.

४४०-सी घेऊन येणारा माणूस आजही तिथेच फसतो. कोयत्याला पाणी द्यायचं तर लोहार तो लालबुंद तापवून पाण्यात बुडवतो, हे आपण पाहत आलो आहोत. त्यावरून वाटतं, की पाण्यात बुडवलं की कुठलंही पोलाद कडक होणारच, आणि जेवढं जास्त तापवू तेवढं जास्त कडक. ४४०-सी पाण्यात बुडवलं तर तडा जाण्याची भीती मोठी. त्याला तेल पुरतं, तापवायचा नग, म्हणजे जॉब, पातळ असेल तर नुसती हवाही पुरते, कारण भरपूर क्रोमियममुळे ते सावकाश थंड होतानाही कडक होतं.

पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या पट्ट्यात हीट ट्रीटमेंटची अनेक युनिट आहेत. अशा ठिकाणी जॉब आधी साधारण ७५०-८०० अंश सेल्सिअसला नेऊन थोडा वेळ तिथेच ठेवतात, म्हणजे आतबाहेर सारखा तापेल. मग तो १०१० ते १०६५ अंशांपर्यंत चढवतात. कार्बन आणि क्रोमियम एकत्र येऊन झालेल्या कार्बाइडच्या कणांपैकी काही या तापमानाला धातूत विरघळतात. तापमान कमी पडलं तर पुरेसा कार्बन विरघळत नाही आणि जॉब मऊ राहतो. जास्त झालं तर इतका विरघळतो, की थंड झाल्यावरही धातूचा बराच भाग जुन्या, मऊ रचनेतच अडकून बसतो. म्हणजे जास्त तापवल्यानेही कडकपणा उतरतो. हा अडकलेला भाग पुढे वापरात हळूहळू बदलला, तर जॉबचं मापही किंचित बदलतं. बेअरिंगला ते परवडत नाही, म्हणून नेमकं काम असेल तिथे जॉब उणे ७५ अंशांच्या आसपास गारही करतात. मग लगेच १५० ते २०० अंशांवर टेम्परिंग, म्हणजे पुन्हा हलकं तापवणं. ते टाळलं तर जॉब ठिसूळच राहणार. एवढं सगळं नीट झालं की कडकपणा रॉकवेल सी मापावर ५८ ते ६०पर्यंत येतो. स्टेनलेसच्या रूढ ग्रेडमध्ये इतका कडकपणा क्वचितच मिळतो.

म्हणूनच सुरीवर नुसतं ‘४४०’ कोरलेलं असेल तर त्यावर विसंबू नये. ४४०-ए, बी आणि सी अशी तीन पोलादं आहेत. ए मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के, बी मध्ये ०.७५ ते ०.९५, आणि सी मध्ये सगळ्यांत जास्त. मागचं अक्षर गाळलेलं असेल तर दुकानदाराला जरूर विचारा. आणि खरंखुरं सी असलं तरी ते ज्या भट्टीतून गेलं तिथलं काम कच्चं असेल, तर नीट पाणी दिलेलं ए त्याच्यापेक्षा सरस ठरेल.

आता गंजाचं. स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारं, हा समज सगळ्यात पक्का. क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन धातूवर काही नॅनोमीटर जाडीचा थर बसतो, तोच गंज अडवतो. हा थर बनायला धातूत मोकळं क्रोमियम लागतं. ४४०-सीमधलं बरंचसं क्रोमियम कार्बनने कार्बाइडमध्ये बांधून ठेवलेलं असतं. कागदावर १७ टक्के दिसलं तरी थरासाठी उरतं त्यापेक्षा बरंच कमी. झीज अडवणारे अतिशय कठीण कण म्हणजे हेच कार्बाइड. त्यांच्यासाठीच तर हे पोलाद घ्यायचं, आणि त्यांच्याच पायी ते गंजाच्या बाबतीत ३०४च्या खाली राहतं. यात कुणी फसवणूक केलेली नसते.

लिंबू चिरून, मीठ लागलेली सुरी रात्रभर ओट्यावर तशीच राहिली, तर सकाळी पात्यावर टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसतात. पुसल्यावर डाग जातो, पण बारीक खड्डा राहतो. गोडं पाणी, वाफ, फळांचा रस हे पोलाद सहज सोसतं. मिठातला क्लोराइड त्याला सोसत नाही. समुद्रावर मासळी कापायला ते न्यायचं असेल तर काम झाल्याबरोबर गोड्या पाण्याने धुऊन कोरडं करावं. गंमत अशी, की नीट कडक केलेल्या आणि चकचकीत घासलेल्या अवस्थेतच ते गंजाला जास्त चांगलं तोंड देतं. मऊ अवस्थेत बरंच जास्त क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकलेलं असतं.

धार लावतानाही घात होतो. धारवाल्याच्या फिरत्या दगडावर ठिणग्या उडतात आणि टोकाला निळसर झाक येते. साध्या पोलादापेक्षा स्टेनलेसवर निळा रंग यायला जास्त तापमान लागतं. म्हणजे निळं दिसेपर्यंत धारेचा कडकपणा उतरलेला असतो. ४२५ ते ५६५ अंशांच्या टप्प्यात तर चिवटपणा आणि गंजाला अडवण्याची ताकद दोन्ही घसरतात. त्यामुळे ओल्या दगडावर, हाताने, सावकाश धार लावावी. वेळ लागतो, कारण धार टिकवणारे कार्बाइड दगडालाही दाद देत नाहीत.

कडक म्हणजे न तुटणारं, असं समजून अशा सुरीने डब्याचं झाकण उचकटणं किंवा नारळ फोडणं तर अजिबात नको. पातं वाकणार नाही, टवका उडेल. नारळाला कोयताच हवा. याच कारणाने ४४०-सीचं वेल्डिंगही सहसा करत नाहीत, जोडाजवळ तडे जातात.

त्याची खरी जागा आहे ती जिथे घर्षण आणि ओल एकत्र येतात तिथे: व्हॉल्व्हची सीट, पंपाचे भाग, खाद्यपदार्थांच्या यंत्रांतली पाती, ओल्या जागची बेअरिंग. कोरड्या, तेलात बुडालेल्या बेअरिंगसाठी दीड टक्का क्रोमियमचं साधं बेअरिंग पोलाद स्वस्त पडतं आणि भारही जास्त पेलतं. तिथे ४४०-सी घालणं म्हणजे पैसे वाया. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या मुख्य इंजिनात द्रवरूप ऑक्सिजन ढकलणाऱ्या टर्बोपंपाला मात्र ४४०-सीचीच बेअरिंग बसवली होती. द्रवरूप ऑक्सिजनजवळ तेल नेणं म्हणजे आगीला आमंत्रण. त्यामुळे उणे १८३ अंशांच्या त्या द्रवातच, वंगणाशिवाय, बेअरिंगला फिरावं लागे. तिथे त्याचे गोळे फार लवकर झिजत. १९९५पासून वापरात आलेल्या नव्या टर्बोपंपात सिलिकॉन नायट्राइड या सिरॅमिकचे गोळे घालण्यात आले.