विंडसर्फिंगचा बोर्ड घेताय? आधी वजनकाट्यावर उभे राहा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "दादा, सेकंड-हँड बोर्ड स्वस्तात मिळतोय, घेऊ का?" थांबा. आधी माझी फजिती ऐका.

मी बीडचा. आमच्याकडं पाणी म्हणजे माजलगावचं धरण, नाहीतर टँकर. विंडसर्फिंग शिकायला गोव्यात दोना पावलाला गेलो. तीन दिवस मोठ्या बोर्डवर नीट जमलं. चौथ्या दिवशी भारी दिसतो म्हणून ११० लिटरचा छोटा बोर्ड मागून घेतला. थोडं आत गेलो, वारा पडला आणि बोर्ड पायाखाली दबायला लागला. पाण्यात पडलेलं शीड उभंच करता येईना. अर्धा तास नुसता वाहत होतो, शेवटी बोटीनं ओढून आणलं.

रात्री हिशोब केला. बीटेक झालोय, पण गणित शाळेतलंच, आर्किमिडीजचं. बोर्डचे जितके लिटर, साधारण तितके किलो तो तोलतो. माझं वजन ८२, बोर्ड ८, शीड आणि डोलकाठी मिळून १०. झाले १००. हातात उरले फक्त १०! एवढ्यावर तोल सांभाळणं मुरलेल्या माणसाचं काम.

म्हणून नवशिक्यानं आपल्या वजनात साधारण १०० मिळवायचे. माझ्यासाठी १८० ते २०० लिटर. जगभरातली पोरं ज्यावर शर्यती शिकतात तो टेक्नो २९३ बोर्ड २०५ लिटरचा आहे. त्याला मधोमध खाली सरकवायची पाती असते, डॅगरबोर्ड म्हणतात. त्यामुळं हलक्या वाऱ्यात बोर्ड आडवा वाहत जात नाही आणि परत किनाऱ्याला येता येतं. शिकाऊ बोर्डला ती हवीच.

आता शीड. वारा ८-१२ नॉट, म्हणजे ताशी १५-२२ किलोमीटर असेल, तर शीड मोठं लागतं, ६-७ चौरस मीटर. मोठं शीड बाजूला जोरात ढकलतं, ते पेलायला बोर्ड रुंद आणि मागची फिन लांब पाहिजे. अरुंद बोर्डवर मोठं शीड लावलं की तोलच राहत नाही. उलट, २० नॉट वाऱ्यात ५ मीटरचं शीड आणि रुंद बोर्ड घेतला तर तो लाटांवर नुसता आदळतो, ताब्यात राहत नाही. तिथं १०० लिटरचा बोर्ड शोभतो, पण हात बसल्यावर. बोर्डसोबत कुठल्या मापाची शीडं चालतात ते कंपनी सांगते. घेताना ते विचाराच.

आणि आपल्या बीडकरांसाठी खास: खारं पाणी जास्त तोलतं. २०० लिटरच्या बोर्डला समुद्रात जवळपास ५ किलोचा जादा आधार मिळतो, धरणात तो नाही. शिवाय जमिनीवरून येणारा वारा झुळका-झुळकांनी येतो, मध्येच पडतो. म्हणजे आपल्याला बोर्ड थोडा मोठाच बरा. धरणात उतरायचं तर परवानगी, लाईफ जॅकेट आणि काठावर सोबत, तिन्ही पाहिजेत. पोहता येत असलं तरीसुद्धा.

तर बोर्ड घ्यायचा तो वर्षातल्या सगळ्यात भारी दिवसासाठी नाही, रोज मिळणाऱ्या वाऱ्यासाठी. आज एक काम करा: वजन करा, त्यात १०० मिळवा आणि तो आकडा विकणाऱ्याला सांगा. त्याचा बोर्ड त्याहून बराच लहान असेल, तर स्वस्त असला तरी सोडून द्या.

भेटू पुढच्या भागात!