खातं कुणाच्या नावावर?

परदेशी माणूस एखाद्या गावात रुळला की नाही, हे ठरवताना आपण त्याच्या भाषेकडे बघतो. त्याला चार वाक्यं मराठीत बोलता आली की आपल्याला तो आपलासा वाटतो. ही कसोटी मला फसवी वाटते. भाषा कामापुरती कुणीही शिकतो. खरी कसोटी वाण्याच्या वहीत सापडते. त्या दुकानात परदेशी माणसाच्या स्वतःच्या नावाचं पान आहे का? रोख मोजणाऱ्याला माल कुणीही देतं. उधार मात्र माणूस बघून दिलं जातं, आणि तो उद्याही इथेच असेल, त्याच्या शब्दाला वजन असेल, हे त्यात गृहीत असतं. रत्नागिरीला परदेशी माणसांची सवय निदान सव्वाशे वर्षांची आहे. त्यांतला एक राजा होता आणि आज हजारो मजूर आहेत. दोघांच्या बाजारहाटाकडे पाहिलं तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. इथे परदेशी माणसाला पत मिळते ती दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर.

आधी राजाचं. नोव्हेंबर १८८५ च्या अखेरीस इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाचा राजा थिबा, राणी सुपयालत, धाकटी राणी आणि मुली यांना आधी मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. गाव निवडताना सरकारने सोय पाहिली ती पहाऱ्याची. रेल्वे नाही, येणं-जाणं मुख्यतः समुद्रावरून, आणि पावसाळ्यात आगबोटी बंद झाल्या की गावाचा मुंबईशी संबंध जवळजवळ तुटलेला. अशा ठिकाणी राजघराण्याने तीस वर्षांहून अधिक काळ संसार केला. धाकटी राजकन्या १८८७ मध्ये इथेच जन्मली. भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभा असलेला जांभ्या दगडाचा राजवाडा, ज्याच्यामुळे आज पर्यटक थिबाचं नाव घेतात, तो १९१० मध्ये तयार झाला. म्हणजे वनवासातली चोवीस वर्षं सरकारी बंगल्यांतच गेली होती. १९१६ च्या डिसेंबरात थिबा वारला तेव्हा राजवाड्याचं सुख त्याला उणीपुरी सहा वर्षं मिळालं होतं.

या घराचा खर्च कसा चाले? सरकारी तनखा होता, त्यावर देखरेख करायला एक पोलीस अधिकारी नेमलेला होता, आणि तनखा पुरत नसे. नोकरचाकर, सणवार, दानधर्म, मंडालेच्या सवयी हे सगळं कोकणातल्या एका लहान गावात चालवायचं होतं. मग सोबत आणलेलं जवाहीर विकायला निघालं. माणकं कवडीमोलाने गेल्याच्या हकिगती सुधा शहा यांच्या ‘द किंग इन एक्झाइल’ या पुस्तकात सविस्तर आल्या आहेत. राजाला बाजारात हिंडायची मोकळीक नव्हती, त्यामुळे व्यापारीच त्याच्या दाराशी येत. देणी साचत, राजा व्हाइसरॉयला अर्जांवर अर्ज पाठवी आणि सरकार कुरकुरत हिशेब तपासे. वरवर पाहता या परक्याची पत गावात कुणापेक्षाही मोठी होती. पण तिला आधार कशाचा होता? थिबाच्या शब्दाचा नव्हे. आज ना उद्या सरकारला यात पडावंच लागेल, हा व्यापाऱ्याचा हिशेब होता. पाठीशी कलकत्त्याची तिजोरी नसती तर मंडालेच्या राजाला रत्नागिरीच्या बाजारात, राम आळीत, शेरभर तांदूळही उधार मिळाले असते की नाही, याची शंका आहे.

इथे कुणी म्हणेल, थिबा कैदी होता, त्याच्यावरून सर्वसाधारण परदेशी माणसाबद्दल काय सिद्ध होतं? आक्षेप रास्त आहे. कैद्याच्या व्यवहारात मध्यस्थ असणारच. म्हणून कैदी नसलेल्यांकडे वळू, आणि हे उदाहरण इतिहासातलं नाही, आजचं आहे.

पावसाळी मासेमारी बंदी उठली की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या जेटीवर नेपाळी खलाशांची वर्दळ सुरू होते. पाऊस सरल्यावर आंब्याच्या बागांत नेपाळी राखणे येतात, बरेचसे पश्चिम नेपाळातल्या डोंगराळ जिल्ह्यांतले, पुष्कळदा बायकामुलांसह. मोहोराच्या फवारण्या, वानरांची राखण, झेल्याने काढणी, मग वर्गवारी आणि पेट्या भरणं अशी कामं मेअखेरपर्यंत चालतात. ‘गुरखा मिळाला का?’ हा बागायतदारांमधला दसऱ्यानंतरचा नेहमीचा प्रश्न आहे. कायद्याच्या नजरेने हा माणूस परदेशी असूनही जवळपास घरचाच. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री कराराच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याचे, मालमत्तेचे, व्यापाराचे आणि संचाराचे अधिकार परस्पर तत्त्वावर दिले आहेत. व्हिसा लागत नाही. हिंदी तो बोलतो, दोन हंगामांत कोकणी वळणाची मराठीही समजू लागतो. म्हणजे ज्या दोन अडचणी परदेशी माणसाला सर्वांत मोठ्या वाटतात, भाषा आणि कागद, त्या दोन्ही त्याला तुलनेने हलक्या आहेत.

तरीही वाडीतल्या दुकानात तो येतो तेव्हा काय होतं ते पाहण्यासारखं आहे. पगाराबरोबर शिधा देण्याचा रिवाज बऱ्याच बागांत आहे. तांदूळ, डाळ, तेल, कांदे-बटाटे असा माल तो घेऊन जातो आणि दुकानदार तो बागायतदाराच्या खात्यावर मांडतो. विडी, बिस्किटं, मोबाइलचा रिचार्ज, पोरासाठी चप्पल हे मात्र रोख. एकाच गिऱ्हाइकाचे, एकाच वेळी, दोन हिशेब. पहिला मालकाच्या नावावर, दुसरा नावच नसलेला. मोठी गरज पडली, घरी कुणी आजारी झालं, तर उचल मिळते, तीही मालकाकडून, हंगामाच्या हिशेबात वळती होणारी. तो मालकही उधारीवरच उभा असतो, हे विसरून चालणार नाही. वाशीच्या बाजारातला दलाल त्याला आगाऊ पैसे देतो, औषधवाला फवारणीचा माल हंगामाच्या बोलीवर देतो. आंब्याचा सारा धंदाच एकाच्या पतीवर दुसऱ्याने उभं राहण्याचा. साखळीतल्या प्रत्येकाच्या नावाने कुठे ना कुठे पान उघडलेलं आहे. झाडावर चढणारा तेवढा वहीबाहेर.

कमावलेले पैसे घरी नेणं ही त्याची खरी खरेदी, आणि तिथल्या अडचणी तर रत्नागिरीच्या हातातल्याही नाहीत. भारतीय एका रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून स्थिर आहे, त्यामुळे हिशेब सोपा. पण नोटा? ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा नेपाळात घरोघरी साठलेल्या भारतीय नोटा बदलून मिळण्याची सोय झाली नाही. २०१८ च्या डिसेंबरात नेपाळने शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटा चलनातून बाद ठरवल्या. म्हणजे आठ महिन्यांची कमाई पाचशेच्या नोटांत बांधून निघालेला राखणा सीमा ओलांडताच नियमभंग करणारा ठरला. २०२३ मध्ये नेपाळने शंभर नेपाळी रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या आणलेल्या मालावर जकात घेण्याचा नियम कडक केला. शंभर नेपाळी म्हणजे आपले साडेबासष्ट रुपये. रत्नागिरीत घेतलेली एक बरी साडीसुद्धा त्या हिशेबात बसत नाही. बँकेतून पैसे पाठवण्याची योजना रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच आणली. खातं नसलेल्यालाही पन्नास हजारांपर्यंत रोख भरून नेपाळात पाठवता येतात. योजना चांगली आहे, पण बागेतून बँकेपर्यंत जायला दिवस मोडतो आणि ओळखीचा कागद दाखवताना पुन्हा मालक सोबत असलेला बरा वाटतो.

दुकानदाराची बाजूही ऐकायला हवी. जूनमध्ये हा माणूस निघून जाणार, पुढच्या हंगामात याच बागेत येईल याची खात्री नाही, मग वसुली कुणाकडून करायची? जोखीम खरी आहे. पण हा युक्तिवाद रत्नागिरीच्या तोंडी शोभत नाही. हा जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या मनीऑर्डरवर जगला. कर्ता पुरुष गिरणीत, गोदीत, मुंबईच्या खोलीत, आणि गावच्या वाण्याकडे त्याच्या बायकोचं खातं, पोस्टमन येईपर्यंतच्या भरवशावर चाललेलं. वर्षाचे अकरा महिने नसलेल्या माणसाला वाणी उधार देत होता, कारण मागे घर होतं आणि भावकी होती. नेपाळी राखण्यांमध्येही एकटा सुटा माणूस सहसा नसतो. गावच्या ओळखीने, भावाभावांनी, टोळीतल्या जुन्या माणसाच्या शब्दावर ते येतात, आणि त्याच शब्दावर बागायतदार दुकानदाराच्या उधारीपेक्षा कितीतरी मोठी उचल त्यांना देतो. म्हणजे जामीन आहे. फक्त तो दुकानाच्या पायरीपर्यंत येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक. उधारी हे जुन्या जगाचं माप, आता क्यूआर कोड आले, रोख-उधारीचा भेदच संपला. या म्हणण्याची परीक्षा जिथे दुकानं परदेशी माणसासाठी सर्वांत सोपी झाली आहेत तिथे घ्यावी, म्हणजे जपानात. टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाई भागात, भारतीय संगणकतज्ज्ञांची वस्ती साधारण २००० नंतर वाढली. मराठी कुटुंबंही तिथे बरीच आहेत, आणि मूळचे अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये त्याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. तिथल्या दुकानात जपानी न येताही काही अडत नाही. किंमत छापलेली, घासाघीस नाही, यंत्रावर पैसे भरा आणि निघा. मराठी गृहिणीला राम आळीपेक्षा तो बाजार सोपा वाटला तर नवल नाही. पण घर भाड्याने घ्यायला गेलं की जामीन मागतात, तो नसला तर पैसे घेऊन हमी देणारी कंपनी गाठावी लागते. जपानच्या न्यायमंत्रालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी रहिवाशांपैकी जवळपास ४० टक्के लोकांनी परदेशी म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं. यंत्राने गल्ल्यावरचा प्रश्न मिटवला, पण विश्वासाचा प्रश्न तिथून उठून घरमालकाच्या दारात जाऊन बसला. आपल्याकडे तर यंत्रही अर्धंच आहे. मार्च २०२४ पासून भारतीय प्रवासी काठमांडूतल्या दुकानात मोबाइलने पैसे देऊ शकतो. रत्नागिरीतल्या राखण्याला तसं करायचं तर आधी इथल्या बँकेत त्याच्या नावाचं खातं हवं.

तिसरं म्हणणं मला सर्वांत वजनदार वाटतं. त्याला इथे रुजायचंच नाही, त्याचं घर, शेत, पत सगळं नेपाळात आहे, मग रत्नागिरीच्या वहीत नाव नसल्याचं दुःख आपण का करायचं? काहींच्या बाबतीत हे खरं आहे. पण जो वर्षातले आठ महिने, दहा-पंधरा वर्षं, एकाच तालुक्यात काढतो, ज्याची पोरं इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसतात, तो केवळ पाहुणा उरत नाही. आधारच्या २०१६ च्या कायद्याने मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस राहिलेल्याला रहिवासी म्हटलं आहे. आंब्याचा एक पुरा हंगाम या अटीत सहज बसतो.

दरवर्षी पोलीस बागायतदारांना आणि बोटमालकांना आपल्या नेपाळी कामगारांची माहिती ठाण्यात नोंदवायला सांगतात. त्या नोंदीत माणसाचं नाव असतं, फोटो असतो, मूळ गाव असतं. वाण्याला जे हवं असतं ते बहुतेक सगळं तिथे आहे, फक्त ते संशयापोटी गोळा केलेलं आहे. पतसंस्थांचं जाळं या जिल्ह्यात दाट आहे आणि पिग्मीचा, म्हणजे रोजच्या अल्पबचतीचा, एजंट रोज दुकानोदुकानी फिरतोच. तो हंगामात जेटीवर आणि बागांपर्यंत गेला, राखण्याच्या स्वतःच्या नावाने दिवसाला वीस-पन्नास रुपये जमा होऊ लागले, तर मेअखेरीस त्याच्या हातात मालकाच्या हिशेबाखेरीज दुसरा एक हिशेब असेल. सुरुवात मिरकरवाड्याहून होईल असं मला वाटतं. बागेतला राखणा मालकाच्या आवारात एकटा पडतो. बंदरावरचा खलाशी रोज गावात उतरतो, चहा पितो, आणि एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर जाताना तो मालक बदलतो पण दुकान बदलत नाही.