जाईबाईंची शाळा

स्त्रियांसाठी झटलेल्या बायांची घरे महाराष्ट्रात थोडीच जपली गेली. नायगावात सावित्रीबाईंचे माहेर आहे, पुण्याच्या गंज पेठेत फुलेवाडा आहे. आमच्या कन्हान-कामठी-नागपूर पट्ट्यात जाईबाई चौधरींचा माग काढायचा तर नागपूरच्या नई वस्तीत जावे लागते, आणि तिथे त्यांची ओळख आहे ती शाळेने. माझ्या मते त्यांचे घर म्हणून हीच वास्तू दाखवावी. आयुष्याची कमाई त्यांनी इथेच ओतली.

जाईबाईंचा जन्म 1892 चा, उमरेडचा, महार कुटुंबातला. 1896 च्या दुष्काळाने घरदार उठवले आणि मंडळी नागपुरात आली. 1901 मध्ये, नवव्या वर्षी, बापूजी चौधरींशी लग्न झाले. सासरची गरिबी, त्यामुळे जाईबाई हमालीला लागल्या. कन्हानच्या वाटेवर, कामठी-नागपूरच्या दरम्यान डोक्यावरून ओझी वाहायची. कामठी तेव्हा छावणीचे गाव. पलटण आली की बाजार येतो, बाजार आला की माल येतो आणि माल आला की तो उचलणारी डोकी लागतात. त्यांतले एक डोके लिहिता-वाचता येणारे आहे, हे ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंच्या लक्षात आले. त्यांनी जाईबाईंना मिशनच्या शाळेत शिक्षिका नेमले. पगार महिना 4 रुपये.

महार बाई मुलांना शिकवते म्हटल्यावर सवर्ण पालक बिथरले आणि शाळेवर बहिष्कार आला. नोकरी सुटली. ओझ्याखालचे डोके चालत होते, वर्गात उभे राहिलेले चालेना.

1922 मध्ये जाईबाईंनी नई वस्तीत संत चोखामेळा कन्या शाळा काढली. चोखोबांचे नाव त्या काळी नागपूरच्या दलित चळवळीत घरचेच होते. किसन फागूजी बनसोडे त्याच नावाने शाळा आणि वसतिगृहासाठी धडपडत होते. पण काल हमाली करणाऱ्या बाईने स्वतःच्या हिमतीवर मुलींची शाळा उभी करणे हा प्रकार निराळा. पोरगी शाळेत बसली की घरची धाकटी भावंडे कोण सांभाळणार, असा साधा आणि अवघड प्रश्न प्रत्येक उंबरठ्यावर उभा असे. मजुरीला जाणाऱ्या आईला त्याचे उत्तर भाषणात मिळत नाही.

कामठीतही असे काम चालू होते. बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे यांनी 1927 मध्ये तिथे महिला आश्रम काढला, पुढे बीडी कामगारांची संघटना बांधली. ‘जय भीम’ हे अभिवादन रुजवणारे ते हेच. 12 जानेवारी 1939 ला, जेमतेम पस्तिशीत, क्षयाने गेले. कन्हान नदीच्या काठी त्यांची समाधी आहे आणि त्या तारखेला तिथे माणसांची रीघ लागते. जाईबाईंना असा दिवस मिळाला नाही, ही माझी तक्रार आहे.

जाईबाई बोलायला घाबरत नसत. डिसेंबर 1937 मध्ये नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन झाले. व्यासपीठावर स्त्रियांच्या हक्कांची भाषा, आणि जेवणाच्या वेळी दलित बायांची पंगत वेगळी! जाईबाई आणि त्यांच्या सहकारी तिथून संतापून परतल्या. 1 जानेवारी 1938 ला दलित स्त्रियांनी निषेधाची सभा घेतली. मला ही सभा त्या अधिवेशनापेक्षा मोठी वाटते. बाईवरच्या अन्यायाविषयी बोलणाऱ्या बायाच जात पाळतात, हे तिने उघड केले आणि आता आपली परिषद आपणच भरवायची याची तयारीही तिथूनच झाली असावी.

तशी मोठी परिषद भरली 20 जुलै 1942 ला, नागपुरातच. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, समोर सुमारे पंचवीस हजार बाया आणि मार्गदर्शनाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ठराव घटस्फोटाच्या हक्काचा झाला, एकाहून अधिक बायका करण्याविरुद्ध झाला. गिरणी, बीडी, नगरपालिका आणि रेल्वेतल्या कामकरी बायांसाठी रजा आणि भरपाईच्या मागण्याही त्यात होत्या. गिरणीत बायांवर देखरेख बाईनेच करावी, इतका बारीक विचार त्या ठरावांत आहे.

जाईबाईंसारख्यांच्या हकिगती उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात 1989 मध्ये छापून आणल्या. तोवर शाळा सुरू होऊन सदुसष्ट वर्षे उलटली होती. आज जाईबाई चौधरी ज्ञानपीठ या नावाने नागपूर त्या शाळेला ओळखते.