साल छापलं की टी-शर्ट संपला

अनंत चतुर्दशीला बेळगावची विसर्जन मिरवणूक निघते ती दुसरा दिवस उजाडला तरी कपिलेश्वर तलावाकडे सरकतच असते. मंडळ गल्लीतलं असो वा पेठेतलं, नवा टी-शर्ट हवाच. पुढे गणपती, पाठीवर मंडळाचं नाव, बाहीवर स्पॉन्सर ज्वेलर्स नाहीतर बिल्डर, आणि खाली ठसठशीत साल. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांसाठी दुसरा. 1 नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत लाल-पिवळा. त्याच दिवशी काळा दिन पाळणाऱ्या मराठी भाषकांचं एक बरं असतं: घरातला काळा शर्ट चालतो आणि दुसऱ्या दिवशी तोच कामावर जातो. निपाणीच्या विडीची जाहिरात 2003 च्या कायद्यामुळे टी-शर्टवर छापता येत नाही. बाकी बहुतेकांना मोकळं रान आहे.

हे टी-शर्ट बहुधा पॉलिस्टरचे असतात, ते केवळ स्वस्त म्हणून नव्हे. सब्लिमेशन छपाईत चित्र आधी कागदावर उतरवतात आणि कागद कापडावर ठेवून साधारण 200 अंशांवर दाबतात. शाईची वाफ होते नि धाग्यात मुरते. पण मुरते ती पॉलिस्टरमध्येच, सुती कापड तिला धरत नाही. या पद्धतीनं एका टी-शर्टवर सतरा रंग हवे असतील तर पॉलिस्टर आलंच. या छपाईला पाणी जवळजवळ लागत नाही, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. मात्र हे कापड प्रत्येक धुण्याला डोळ्यांना न दिसणारे प्लास्टिकचे तंतू सोडतं, आणि बेळगावचं सांडपाणी बळ्ळारी नाल्यातून शहापूर-वडगावच्या शिवारात जातं.

मग सुती घ्यावा? इस्त्रीला चिकटणारा तो जाड, रबरासारखा छाप अनेकदा प्लास्टिसोलचा असतो, म्हणजे पीव्हीसी आणि ते मऊ ठेवणारं रसायन. कापूस पिकवण्यापासून एका सुती टी-शर्टला सुमारे 2,700 लिटर पाणी लागतं, असा जागतिक वन्यजीव निधीचा अंदाज आहे. रंगाईचा हिशेब आणखी वेगळा. साधे टी-शर्ट जिथून देशभर जातात त्या तिरुप्पूरमधले रंगाई कारखाने नोय्यल नदीच्या प्रदूषणापायी मद्रास उच्च न्यायालयानं जानेवारी 2011 मध्ये बंद करायला लावले होते. इतकं लांब तरी कशाला जायचं, निपाणीच्या शेजारी इचलकरंजीची प्रदूषित पंचगंगा आहेच.

तरीही मी सुतीच्याच बाजूचा. कारण टी-शर्ट विरल्यावर काय, हा प्रश्न. आपल्याकडे जुनं लुगडं, धोतर, सदरा वाकळेत जातो. वाकळ शिवणाऱ्या बायका पॉलिस्टर बाजूला काढतात: सुईखाली सरकतं, घाम शोषत नाही, अंगाखाली गरम लागतं. जाड छापाचा भाग तर सुई नीट घेतच नाही. मग तो टी-शर्ट गाडी पुसायला, तिथून तुरमुरीच्या कचरा डेपोवर, नाहीतर पाणी तापवायच्या चुलीत. छापातलं पीव्हीसी जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो, डायॉक्सिनही निघू शकतं. कर्नाटकानं मार्च 2016 पासून बंदी घातलेला प्लास्टिकचा फ्लेक्ससुद्धा निदान गवताच्या गंजीवर एक-दोन पावसाळे काढतो.

दिवाळीत दुकानदार आणि निवडणुकीत उमेदवार वाटतात त्या 'कापडी' पिशवीचंही तेच. तिच्या कडेला काडी लावून बघा. वितळून मणी झाला तर ती पॉलिप्रॉपिलीनची, नॉन-वोव्हन. 30 सप्टेंबर 2021 पासून चौरस मीटरला 60 ग्रॅमपेक्षा हलकी अशी पिशवी बेकायदा आहे. खरी सुती पिशवी तरी निर्दोष कुठे? डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं 2018 मध्ये हिशेब मांडला होता. साध्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायचं तर फक्त हवामानाच्या दृष्टीनं सुती पिशवी 52 वेळा वापरावी लागते आणि सगळे परिणाम धरले तर 7,100 वेळा. घरात अशा वाटपातल्या दहा सुती पिशव्या खुंटीला लोंबत असतील तर हा हिशेब कोणत्या जन्मी फिटायचा?

मंडळांना सोपा उपाय आहे: सुती कापड, एका रंगाचा पाण्याच्या शाईतला लहान छाप, आणि साल नाही. फेटे दरवर्षी पेटीतून निघतात, त्यावर कुणी साल छापत नाही. कार्यकर्ते याला तयारही होतील. अडतं ते स्पॉन्सरपाशी. गेल्या वर्षीचाच टी-शर्ट यंदा चालला, तर जुन्या ज्वेलर्सची जाहिरात फुकटात होते आणि नव्या बिल्डरला बाही मिळत नाही.