साताऱ्याचा वकील आणि लंडनचा दिवाणखाना

सांगलीहून साताऱ्याला जाणं झालं, की मी गेंडामाळावर थोडा वेळ थांबतो. ८ सप्टेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी इथं १७ जणांना देहदंड दिला. त्यांत रंगो बापूजी गुप्ते यांचा मुलगा सीताराम होता. तिथं उभं राहिलं, की बी.ए.ला असताना वाचलेली एक इंग्रजी कादंबरी मला हमखास आठवते : विल्यम थॅकरेची ‘द न्यूकम्स’.

तिचा नायक क्लाइव्ह लहानपणीच हिंदुस्थानातून विलायतेला पाठवलेला. कलकत्त्यात जन्मलेला थॅकरेही असाच गेला होता. क्लाइव्ह मोठा होतो, चित्रकार होतो, चुलत बहीण एथेलवर जीव लावतो. आमच्या घरांतून यात वावगं काही नाही. एथेलच्या आजीला मात्र नातजावई हवा तो लॉर्डच! एकदा एथेल प्रदर्शनातल्या ‘विकलं गेलं’ अशा चित्रावरची हिरवी चिठ्ठी काढते आणि ती आपल्याच झग्याला लावून जेवायला येते. उच्चभ्रूंच्या लग्नबाजारावर याहून बोचरा शेरा कोणता मारायचा?

याच दिवाणखान्यांत रम्मन लाल नावाचा हिंदी व्यापारी मिरवतो. बायाबापड्या त्याला राजपुत्र समजून भोवती जमतात. पुढं त्याच्याच बँकेपायी क्लाइव्हचे वडील धुळीला मिळतात.

ही कादंबरी हप्त्याहप्त्यानं निघू लागली १८५३ साली. त्याच साली रंगो बापूजी लंडन सोडून परतले. १८३९ मध्ये पदच्युत झालेल्या प्रतापसिंह महाराजांची कैफियत मांडायला ते गेले होते. कंपनीच्या भागधारकांच्या सभांत उभे राहिले. काही इंग्रज त्यांच्या बाजूनं बोललेही. पण महाराज १८४७ मध्ये काशीला वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीनं साताऱ्याचं राज्य खालसा करायचं ठरवलं.

रम्मन लाल रंगो बापूजींवरून बेतला, असं मी म्हणत नाही. एक लबाड, दुसरा स्वामिनिष्ठ. पण थॅकरेनं दाखवलेलं लंडन तेच आहे : लबाडाला मानाचं पान देणारं. तिथं वकिलाची पिशवी रिकामीच परत आली, यात नवल काय?

आमचे अब्बा जमिनीच्या कामासाठी एका कचेरीत वर्षानुवर्षं खेटे घालत. साहेब खुर्ची देत, चहा मागवत. घरी आले, की अम्मी विचारायची, “झालं का काम?”

अब्बा टोपी काढून खुंटीला लावत म्हणायचे, “चहा झाला.”