बयान पंजाबीत, कागद उर्दूत

पाकिस्तानी पंजाबात खेड्यातला साक्षीदार कोर्टात पंजाबी बोलतो. पोलिसांनी लिहिलेली फिर्याद उर्दूत असते, आणि वरच्या कोर्टात पोहोचेपर्यंत खटला इंग्रजीत गेलेला असतो. इंग्रजांनी १८४९ मध्ये पंजाब घेतला आणि काही वर्षांतच खालच्या कचेऱ्यांत उर्दू बसवली; ती अजून हललेली नाही. (साँडर्सच्या खुनाची, म्हणजे ज्यात पुढे भगतसिंग-राजगुरू फासावर गेले त्या प्रकरणाची, पहिली फिर्यादही १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरच्या अनारकली ठाण्यात उर्दूतच नोंदली गेली.) २०१७ च्या जनगणनेत मात्र पाकिस्तानात पंजाबी मातृभाषा सांगणारे शेकडा ३९ च्या आसपास निघाले, उर्दू सांगणारे जेमतेम ७.

तरीही तिथे पंजाबी-उर्दू दुभाषा शोधायला निघालात तर लोक हसतील. सगळ्यांनाच कळतं की! घोळ इथेच होतो. भाषा दूरच्या असत्या तर शपथ देऊन दुभाषा बसवला असता. जवळच्या म्हणून ते काम वकिलाच्या मुन्शीवर, नाहीतर घरातल्याच एखाद्या पुतण्यावर पडतं. पुतण्याचा त्या जमिनीत वाटा असू शकतो. मुन्शीचा नसतो, पण त्याला घाई असते. साक्षीदार बाई पाच वाक्यं बोलते, हा एकात उरकतो.

जमिनीच्या दाव्यांत हे फार महागात पडतं. बहिणीचा वाटा भावाच्या नावे करणारा दस्त कचेरीबाहेरच्या वसीका-नवीसाने, म्हणजे दस्तलेखकाने, उर्दूत लिहिलेला, खाली तिचा अंगठा. निरक्षर, पडदानशीन बाईला दस्त नीट समजला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी दस्ताचा फायदा घेणाऱ्यावर, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलच्या काळापासून चालत आलं आहे आणि पाकिस्तानची कोर्टं ते आजही लावतात. तेव्हा वकिलाने ‘वाचून दाखवला’ या शब्दांवर थांबू नये. कोणी दाखवला, कोणत्या भाषेत, हे विचारावं.

दुभाषा निवडताना आधी बोली पाहावी. लाहोरकडची पंजाबी आणि रावळपिंडीकडची पोठोहारी यांत बरंच अंतर आहे. कागदपत्रांसाठी माणूस वेगळा लागू शकतो. भारतातून आलेला कागद गुरुमुखीत असेल, तर अस्खलित पंजाबी बोलणाऱ्या लाहोरकरालाही तो बहुधा वाचता येणार नाही. तिकडे पंजाबी शाहमुखीत, म्हणजे उर्दूच्याच वळणाच्या लिपीत लिहितात. त्या लिपीतही ‘पैली’, म्हणजे शेत, हा शब्द उर्दू वाचणाऱ्याला ‘पीली’ दिसतो.

पाकिस्तानात अजून १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता चालते. आरोपीला न कळणाऱ्या भाषेतली साक्ष त्याला कळेल अशा भाषेत भर कोर्टात सांगावी, असं तिचं कलम ३६१ म्हणतं. कलम ५४३ प्रमाणे दुभाष्यावर खरं तेच सांगण्याचं बंधन आहे. साक्षीदारासाठी कलम ३६० आहे: उतरवलेली साक्ष त्याला वाचून दाखवायची, गरज पडल्यास त्याच्या भाषेत समजावायची, आणि त्याने चूक दाखवली तर त्याची नोंद घ्यायची. दुपारी यादी लांबली की हीच पायरी आधी गाळली जाते. वकिलाने तेवढ्यासाठी उभं राहावं.