शेडनेटमधली हलकी हवा

सकाळचे साडेनऊ. देऊळगाव राजा तालुक्यातलं टोमॅटोचं शेडनेट. बाया ओळींतून वाकून पुढे सरकताहेत. आदल्या संध्याकाळी न उमललेल्या कळ्यांतले पुंकेसर चिमट्याने काढून ठेवले होते. आता डबीतला पिवळा पराग स्त्रीकेसराच्या उघड्या टोकाला लावायचा आणि खूण म्हणून फुलाबुडची दोन हिरवी दलं कातरायची. झालं एक 'क्रॉसिंग'. अशी शेकडो फुलं, दुपारच्या आत.

घाई उन्हामुळे आहे. पारा पस्तिशीच्या वर सरकला की टोमॅटोचा पराग कमजोर होतो, फूल गळतं. शेजारच्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली. आज देऊळगाव राजाच्या पट्ट्यातही भाजीपाला बीजोत्पादनावर कितीतरी घरं चालतात. त्यांचं पीक म्हणजे शुद्ध बी. म्हणून जाळी बारीक हवी. एखादी मधमाशी परका पराग घेऊन आत आली तर सगळा माल नापास. पण मधमाशी अडवणारी जाळी वाराही अडवते.

मग आतली धग बाहेर काढतं कोण? बाहेरची गार हवा.

हवा तापली की पसरते, म्हणजे तेवढ्याच जागेत ती कमी मावते. समुद्रसपाटीच्या दाबाला ३० अंशांची एक घनमीटर हवा सुमारे १.१६ किलो भरते, ४० अंशांची १.१३ किलो. फरक चिमूटभर. पण दहा गुंठ्यांचं, चार मीटर उंचीचं शेडनेट धरा. आत चार हजार घनमीटर हवा. बाहेर ३० आणि आत ४० अंश असतील, तर आतली हवा बाहेरच्या तेवढ्याच हवेपेक्षा जवळपास दीड क्विंटलने हलकी! देऊळगाव राजा समुद्रसपाटीहून उंच, त्यामुळे इथे आकडा थोडा उतरतो, हिशेब तोच. गरम हवा वर जाते असं आपण सहज म्हणतो. खरं तर भोवतालची जड हवा खालून शिरते आणि तिला वर रेटते, जसं पाणी लाकडाच्या ओंडक्याला रेटतं. १७८३ मध्ये फ्रान्समध्ये मोंगोल्फिए बंधूंचा फुगा याच बळावर उचलला गेला.

शेडनेटच्या उंचीचं मोल इथे कळतं. झाडाशी बसून कळी हेरणारीला घाम येतो, पण घोडीवर चढून वरची तार बांधणाऱ्याच्या तोंडावर धग येते. छत ठेंगणं असतं तर तीच धग फुलांवर बसली असती. वारा पडलेला असताना आत उदबत्ती लावली, तर धूर आधी सरळ वर चढतो, मग छताखाली रेंगाळत जाळीतून झिरपतो. शिरायला खालची बाजू मोकळी आणि निघायला वरची, एवढं जमलं की पंख्याविना हवा खेळती राहते.

एप्रिल-मेमध्ये मात्र हीच उचल अंगावर येते. तापलेल्या काळ्या रानावरची हवा उठते, वावटळी फिरतात, वर गेलेल्या बाष्पाचे ढग होतात. दुपार कलता कलता त्या ढगातल्या पावसाने गार झालेली जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चौफेर सुटते. त्या झपाट्यात जाळी फाटते, पाइप वाकतात. म्हणून आभाळ अंधारलं की बाया परागाच्या डब्या झाकून बाहेर पडतात, आणि गडी चारी कोपऱ्यांच्या तारा पुन्हा ताणायला घेतात.